चाकरमान्यांचा बँड

जॉय डिव्हिजनवर जे काही लिहिलं जातं ते बहुतेक वेळा शेवटापासून सुरू होतं. १८ मे १९८० रोजी, पहिल्या अमेरिका दौऱ्याच्या तोंडावर, गायक इयन कर्टिसनं आत्महत्या केली. वय तेवीस. त्या एका दिवसानं आधीचे सगळे दिवस झाकोळून टाकले. मँचेस्टरचा हा बँड म्हणजे काळोख, धुकं आणि मृत्यू, एवढंच लोकांच्या मनात उरलं.

मला ते आधीचे दिवस अधिक मोलाचे वाटतात. १९७९च्या शरद ऋतूपर्यंत बँडमधले चौघंही नोकरदार होते. पहिली तबकडी, टीव्हीवरचं पहिलं दर्शन, जॉन पीलच्या रेडिओ कार्यक्रमासाठीचं रेकॉर्डिंग, आणि ज्याचं मुखपृष्ठ आजही जगभर टी-शर्टांवर मिरवतं तो 'अननोन प्लेझर्स' हा पहिला अल्बम, हे सगळं त्यांनी कामाच्या वेळा सांभाळून, सुट्ट्या टाकून, रात्री जागून केलं. त्यांच्या गाण्यांत जो आटोपशीरपणा आहे, एकही सूर फुकट न घालवण्याची जी सवय आहे, तिचं मूळ मला या वेळेच्या चणचणीत दिसतं. आणि गाण्यांचा ऐवजही पुष्कळसा कामाच्या जागीच मिळाला.

१९७८-७९च्या हिवाळ्यातला त्यांचा कामाचा दिवस साधारण असा जाई.

सकाळी नऊ, मॅकल्सफील्ड

मँचेस्टरच्या दक्षिणेला पंचवीस-तीस किलोमीटरवर मॅकल्सफील्ड आहे, एकेकाळी रेशमाच्या गिरण्यांसाठी नावाजलेलं. तिथल्या सरकारी रोजगार कार्यालयात इयन कर्टिस आपल्या टेबलाशी येऊन बसतो. हुद्दा लांबलचक आहे, पण काम सरळ: अपंग आणि आजारी माणसांना झेपेल असं काम मिळवून देणाऱ्या अधिकाऱ्याचा सहायक. समोर बसलेल्या माणसाला उभं राहता येतं का, यंत्राजवळ बसवता येईल का, कोणता कारखानदार त्याला घ्यायला राजी होईल, हे विचारायचं, लिहून घ्यायचं, फोन करायचे. इयन हे काम मन लावून करत असे. अंगावर व्यवस्थित शर्ट-पँट, केस नीट कापलेले. पंक म्हणून त्या काळी जे चित्र डोळ्यांसमोर येई, त्यात हा मुलगा कुठेच बसत नाही. बँडचे फोटो पाहिले तर चौघंही असेच दिसतात, नुकतेच ऑफिसातून आल्यासारखे. तो पोशाख खास स्टेजसाठी घडवलेला नव्हता.

या टेबलासमोर एक तरुण मुलगी येत असे. तिला अपस्मार होता. काम शोधत होती, पण झटक्यांमुळे कुठे टिकत नव्हती. काही दिवसांनी तिचं येणं थांबलं. इयनला वाटलं, लागली असेल कुठेतरी. नंतर कळलं, की ती गेली. त्यातून 'शी'ज लॉस्ट कंट्रोल' हे गाणं झालं. हे गाणं पुढे इयनच्याच आजाराबद्दलचं म्हणून ऐकलं गेलं, आजही ऐकलं जातं. पण त्याची सुरुवात दुसऱ्या कुणाच्या तरी दुःखापासून आहे, आणि ते दुःख एका सरकारी कचेरीत, कामाच्या वेळेत, टेबलाच्या पलीकडून आलेलं आहे. मला तरी या गाण्यातला कोरडा, जवळजवळ अहवालासारखा सूर तिथूनच आलेला वाटतो. आपण फार काही करू शकलो नाही हे जाणणाऱ्या कारकुनाचा तो सूर आहे.

सकाळी दहा, सॅल्फर्डची गोदी

बासवादक पीटर हुक मँचेस्टर शिप कॅनाल कंपनीत नोकरीला आहे. १८९४ साली खुला झालेला हा अठ्ठावन्न किलोमीटरचा कालवा म्हणजे समुद्रापासून दूर असलेल्या शहरानं आपल्या दारात बंदर आणण्यासाठी केलेला खटाटोप. लिव्हरपूलच्या बंदराला पैसे मोजायचे नाहीत म्हणून मँचेस्टरनं तो खणला. आत कापूस यायचा, बाहेर कापड आणि यंत्रं जायची. हुक नोकरीला लागला तेव्हा ते वैभव ओसरलं होतं. नवी कंटेनर जहाजं इतकी मोठी, की कालव्यात मावेनात. धक्के ओस पडू लागले होते.

आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. १८६१ ते १८६५च्या अमेरिकी यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला तेव्हा तो मुंबई बंदरातून गेला, आणि त्या पैशानं मुंबईचा कायापालट झाला. सॅल्फर्डची ही गोदी १९८२ साली बंद झाली. त्याच वर्षी जानेवारीत आपल्या गिरणगावातला संप सुरू झाला.

गिटारवादक बर्नार्ड समनर आणि हुक हे सॅल्फर्डच्या शाळेपासूनचे दोस्त. समनर लहानाचा मोठा झाला ती लोअर ब्रॉटनमधली वस्ती महापालिकेनं पाडली. शेजारपाजार विखुरला आणि लोक नव्या उंच इमारतींमध्ये गेले. आपल्या संगीतात जो शोक आहे तो या मोडलेल्या वस्तीचाही आहे, असं त्यानं पुढे सांगितलं आहे. आत्ता सकाळी दहाला तो चॉर्लटनमधल्या कॉसग्रोव्ह हॉल या कार्टूनपट बनवणाऱ्या कंपनीत आहे. मुलांसाठीच्या मालिकांची चित्रं रंगवण्याचं काम. 'जेमी अँड द मॅजिक टॉर्च' या मालिकेत एका मुलाला जादूचा टॉर्च मिळतो आणि तो एका भोकातून दुसऱ्या जगात घसरतो. त्या मालिकेवर काम करणारा हात रात्री 'शॅडोप्ले' वाजवायचा.

ड्रमवादक स्टीव्हन मॉरिसही मॅकल्सफील्डचाच. तो वडिलांच्या धंद्यात, नळ आणि स्वयंपाकघराचं सामान विकण्याच्या कामात. मालक घरचाच असल्यानं चौघांत त्याचीच रजेची अडचण सर्वांत कमी, आणि मोटारही त्याच्याकडे.

दुपारी एक, जेवणाची सुट्टी

या बँडची बरीचशी घडण अशा अधल्यामधल्या वेळात झाली आहे, म्हणून ती इथेच सांगावी.

४ जून १९७६. मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम. तिकीट पन्नास पेनी. हॉलमध्ये जेमतेम चाळीसएक माणसं. पुढे जितके लोक 'मी तिथे होतो' म्हणाले त्यांच्यानं तो हॉल कितीदा तरी भरला असता. पण हुक आणि समनर खरोखरच होते. वाजवणाऱ्यांना धड वाजवता येत नाही, हे पाहून दोघांना धीर आला: हे तर आपल्यालाही जमेल. दुसऱ्या दिवशी हुकनं आईकडून पस्तीस पौंड उसने घेतले आणि बास गिटार विकत आणलं. समनरकडे गिटार होतं. गायक हवा म्हणून त्यांनी मँचेस्टरच्या व्हर्जिन रेकॉर्ड्सच्या दुकानात चिठ्ठी लावली. तिला उत्तर आलं इयन कर्टिसचं. कार्यक्रमांना जाऊन-येऊन तोंडओळख होतीच. त्याला गाऊन दाखवायलाही कुणी सांगितलं नाही, आणि तो बँडचा गायक झाला.

पहिलं नाव वॉर्सॉ. २९ मे १९७७ रोजी इलेक्ट्रिक सर्कसमध्ये पहिला कार्यक्रम. ड्रमर येत होते, जात होते. ऑगस्टमध्ये मॅकल्सफील्डच्या वाद्यांच्या दुकानातली चिठ्ठी वाचून स्टीव्हन मॉरिस आला, आणि मग मात्र चौकडी कधी बदलली नाही. लंडनमध्ये वॉर्सॉ पॅक्ट नावाचा दुसरा बँड निघाल्यावर १९७८च्या सुरुवातीला नाव बदलावं लागलं, आणि ते जॉय डिव्हिजन झालं.

नव्या नावाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ते त्यांनी नाझी छळछावण्यांतल्या बायकांच्या लैंगिक शोषणावरच्या एका कादंबरीतून उचललं. त्यात भर म्हणून पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर समनरनं हिटलर युथच्या पोराचं ढोल वाजवतानाचं चित्र काढलं. ही पोरं नाझी विचारांची नव्हती हे त्यांच्या बोलण्या-वागण्यावरून नंतर पुरतं स्पष्ट झालं. तरी ज्यांच्या वाट्याला ते प्रत्यक्ष आलं, त्यांच्या नावाचा वापर वीस-एकवीस वर्षांच्या पोरांनी दचकवण्यासाठी करावा, हे मला पटलेलं नाही. पुढच्या संगीताची थोरवी त्या नावाला उजळ करत नाही.

ती पहिली तबकडी 'ॲन आयडियल फॉर लिव्हिंग'. डिसेंबर १९७७ मध्ये ओल्डहॅमच्या एका स्टुडिओत चार गाणी रेकॉर्ड केली, जून १९७८ मध्ये ती पदरमोड करून काढली. त्यासाठी इयननं बँकेतून कर्ज उचललं. हजार प्रती. सात इंची तबकडीवर चार गाणी कोंबल्यामुळे आवाज इतका दबका आला, की वेष्टनं घडी घालून हातानं भरताना जो हुरूप होता तो ऐकल्यावर उतरला. पुढे तीच गाणी बारा इंची तबकडीवर पुन्हा काढावी लागली. नोकरदार माणसाला कर्जाचा हप्ता काय असतो ते ठाऊक असतं. त्या तबकडीतून त्यांना जे शिकायला मिळालं ते या हप्त्यासकट मिळालं.

संध्याकाळी सहा, घरोघरचा टीव्ही

इंग्लंडच्या वायव्य भागात या वेळी घरोघर 'ग्रॅनडा रिपोर्ट्स' लागलेलं असतं. त्यात लांब केसांचा, केंब्रिजला शिकलेला एक वार्ताहर दिसतो: टोनी विल्सन. त्याचीही ही नोकरीच. गावातल्या बातम्या द्यायच्या, अधूनमधून निवेदन करायचं. याच माणसानं १९७८ मध्ये ह्यूममधल्या रसेल क्लबात 'फॅक्टरी' नावानं बँडचे कार्यक्रम सुरू केले आणि मग त्याच नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. कंपनीचं ऑफिस म्हणजे त्याचा भागीदार ॲलन इरॅस्मसचा पॅलाटाइन रोडवरचा राहता फ्लॅट. तबकड्यांची वेष्टनं करणारा पीटर सॅव्हिल नुकताच पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेला. आवाज घडवणारा मार्टिन हॅनेट रसायनशास्त्राचा पदवीधर.

विल्सन आणि बँडची गाठ १४ एप्रिल १९७८ च्या रात्री पडली. रॅफ्टर्स क्लबात नव्या बँडांची चढाओढ होती. सतराअठरा बँड, प्रत्येकाला घाई. जॉय डिव्हिजनचा क्रमांक लागेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली होती. वाट पाहून वैतागलेला इयन विल्सनच्या शेजारी जाऊन बसला आणि आम्हाला अजून टीव्हीवर का आणलं नाहीस म्हणून त्याला शिव्या घातल्या. विल्सननं राग मानला नाही. क्लबात तबकड्या लावण्याचं काम करणारा रॉब ग्रेटन त्या रात्री त्यांचं वाजवणं ऐकून इतका भारावला, की लवकरच त्यांचा मॅनेजर झाला. नोकरी करणाऱ्या चौघांना दिवसा फोन घेणारा, तारखा ठरवणारा, पैशाचं बोलणारा माणूस मिळाला. माझ्या मते बँडच्या घडणीत हॅनेटच्या बरोबरीनं ग्रेटनचं नाव घ्यायला हवं.

२० सप्टेंबर १९७८ रोजी विल्सननं त्यांना टीव्हीवर आणलं. त्यांच्या भागातल्या प्रेक्षकांना, घरच्यांना आणि ऑफिसातल्या मंडळींना ते 'शॅडोप्ले' वाजवताना दिसले. मधे मधे काळ्या-पांढऱ्याची उलटापालट केलेली रस्त्यावरच्या गाड्यांची दृश्यं. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, म्हणजे कामाचा दिवस.

संध्याकाळी साडेसात, लिटल पीटर स्ट्रीट

आता खरं काम. डीन्सगेटच्या टोकाला, रेल्वेच्या कमानींजवळ, टी. जे. डेव्हिडसन यांच्या मालकीची एक जुनी इमारत बँडना सरावासाठी भाड्यानं मिळते. उघड्या विटा, उंच छत, थंडी मरणाची. १९८०च्या एप्रिलमध्ये 'लव्ह विल टेअर अस अपार्ट'चं चित्रीकरण याच जागेत झालं. ज्यांनी ते पाहिलं आहे त्यांना जागा आठवेल. चौघं आपापल्या कामावरून इथे येतात. इयनच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात कागद: शब्द, अर्धवट कडवी, वहीतून फाडलेली पानं.

या खोलीत गाणं कसं तयार होई ते थांबून पाहण्यासारखं आहे. इयनला त्या वेळी कोणतंही वाद्य वाजवता येत नव्हतं. तिघं वाजवत सुटायचे, काही न ठरवता. तो बसून ऐकायचा. मधेच एखादी ओळ कानाला लागली, की थांबवायचा: हे आत्ता वाजवलंत ना, ते पुन्हा वाजवा. वाजवणाऱ्यांच्या लक्षातही आलेलं नसायचं आपण काय वाजवलं. टेपरेकॉर्डर जवळ नाही. जे काही जपायचं ते डोक्यात. मग ती एक ओळ धरून पुन्हा, पुन्हा, आणखी एकदा. ड्रम कुठे यायचा, गिटार कुठे गप्प राहायचं, हे ठरत जाई. पिशवीतून एक कागद निघे आणि त्यावरचे शब्द त्या चालीवर बसतात का ते पाहिलं जाई.

हुकचा बासही याच सरावांतून घडला. त्याचा ॲम्प्लिफायर दुबळा होता. समनरच्या गिटारच्या कल्लोळात बासच्या खालच्या तारा त्याला स्वतःलाच ऐकू येत नसत. म्हणून तो वर सरकला, बारीक तारांवर, गळ्याच्या खालच्या टोकाशी वाजवू लागला. इयनला ते आवडलं. तो म्हणाला, असंच वाजव. त्यामुळे जॉय डिव्हिजनच्या गाण्यांत चाल गिटारऐवजी बास धरतो आणि गिटार तिच्याभोवती करकरत राहतं. पुढच्या चाळीस वर्षांत ही युक्ती कित्येक बँडनी उचलली. तिच्या मुळाशी चांगला ॲम्प्लिफायर घेण्याइतके पैसे नसणं आहे, आणि जे ऐकू आलं ते ओळखणारा एक कान आहे.

६ जानेवारी १९७९, शनिवार. छायाचित्रकार केव्हिन कमिन्सनं त्यांना ह्यूममधल्या एका पादचारी पुलावर बर्फात उभं केलं. मग या सरावाच्या खोलीत आणून इयनचे फोटो काढले. ओव्हरकोट, हातात सिगारेट. फिल्म महाग, त्यामुळे कमिन्सनं मोजकेच फोटो काढले. आठवड्याभरात इयन 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'च्या मुखपृष्ठावर होता.

रात्री दहा, रेडिओ वन

कार्यक्रम नसेल त्या रात्री साऱ्या देशातली अशी पोरं रेडिओला कान लावून असतात. दहा ते बारा जॉन पील. कुणाच्याही, कुठल्याही गावच्या पोरांनी पदरच्या पैशानं काढलेली तबकडी तो लावे. आवडली तर त्या बँडला लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत बोलावणं येई. एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड करायची, तिथल्या तिथे मिसळायची. जॉय डिव्हिजनला बोलावणं आलं ते ३१ जानेवारी १९७९ साठी. वार बुधवार. मँचेस्टर ते लंडन सव्वातीनशे किलोमीटर, म्हणजे रजा टाकणं आलंच. त्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये संपांची लाट होती. ट्रकचालक, पालिकेचे कामगार, रुग्णालयांतले कर्मचारी बाहेर पडले होते. रस्त्यांवर बर्फ होतं. १४ फेब्रुवारीला ती चार गाणी प्रसारित झाली. त्यांत 'ट्रान्समिशन' होतं, आणि त्याचा विषय रेडिओच.

रात्री अकरा, बार्टन स्ट्रीट

मॅकल्सफील्डच्या बार्टन स्ट्रीटवरच्या ७७ नंबरच्या घरात एक छोटी तिकोनी खोली आहे. निळ्या रंगाची. सराव नसेल त्या रात्री इयन तिथे जातो आणि दार लावून घेतो. त्याची बायको डेबोरा कॉफीचे कप आत नेऊन देते. सिगारेटच्या धुरात तो लिहीत बसलेला असतो. तिनं पुढे 'टचिंग फ्रॉम अ डिस्टन्स' या पुस्तकात त्या संसाराबद्दल लिहिलं, आणि बँडच्या दंतकथेत जी बाजू कुणी सांगत नव्हतं ती सांगितली: नोकरीवरून आलेल्या नवऱ्याचा उरलेला सगळा वेळ कुठे जात होता, कर्ज कुणाच्या घरखर्चातून फिटत होतं, गर्भारपणात घरी एकटी कोण होती. एप्रिल १९७९ मध्ये त्यांना मुलगी झाली. या बँडबद्दलचं एकच पुस्तक वाचायचं असेल तर मी हे वाचायला सांगेन.

रात्री दोन, मोटारवे

कार्यक्रम असेल त्या दिवशी वेळापत्रक निराळं. चार-पाच वाजता कामावरून सुटायचं, हुकच्या व्हॅनमध्ये वाद्यं चढवायची, माणसं स्टीव्हनच्या गाडीत. पोचलं की वाद्यं उतरवायची, जोडायची, आवाज तपासायचा, दुसऱ्या कुणाच्या तरी आधी पाऊण तास वाजवायचं. मग पुन्हा सगळं सुटं करून व्हॅनमध्ये. सकाळी नऊला ज्याला टेबलाशी बसायचं आहे त्याच्यासाठी परतीचा रस्ता हा सगळ्यात कठीण भाग.

२७ डिसेंबर १९७८ ला लंडनमधला त्यांचा पहिला कार्यक्रम होता, इझलिंग्टनच्या होप अँड अँकर या पबच्या तळघरात. समनर फ्लूनं फणफणलेला, अंथरुणातून उठून आलेला. ऐकायला मोजकी माणसं. एवढ्या लांब येऊन पदरात काहीच नाही. परतताना गाडीत समनर थंडीनं कुडकुडत स्लीपिंग बॅग पांघरून बसला होता. इयननं ती ओढून घेतली. समनरनं परत ओढली. भांडण वाटलं. मग इयननं ती डोक्यावरून घेतली, हातपाय झाडू लागला, काचेवर ठोसे मारू लागला. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, त्याला बाहेर काढून धरून ठेवलं. जवळचं मोठं रुग्णालय ल्यूटनचं. तिथे नेलं. तो त्याचा पहिला मोठा झटका.

जानेवारीत निदान झालं: अपस्मार. ज्या महिन्यात देशातल्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या संगीत साप्ताहिकावर त्याचं चित्र झळकलं, त्याच महिन्यात. आणि सोमवार ते शुक्रवार तो अजूनही त्याच टेबलाशी होता, जिथे अपस्मार असलेल्या माणसाला कोणतं काम द्यावं आणि कोणतं देऊ नये याचा सल्ला दिला जाई.

शनिवार-रविवार, स्टॉकपोर्ट

अल्बमसाठी आठवडाभर रजा कोण देणार? म्हणून 'अननोन प्लेझर्स' एप्रिल १९७९ मध्ये लागोपाठच्या शनिवार-रविवारी झाला. जागा स्टॉकपोर्टमधला स्ट्रॉबेरी स्टुडिओ, लंडनबाहेरच्या उत्तम स्टुडिओंपैकी एक. हॅनेटला तिथे मोकळीक होती. त्यानं मॉरिसला ड्रमचा संच सुटा करायला लावला आणि प्रत्येक ड्रम स्वतंत्र वाजवून घेतला, एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरता कामा नये म्हणून. बर्नलीच्या एका छोट्या कंपनीनं बनवलेलं डिजिटल डिले हे नवं यंत्र त्याच्या हाती होतं. ते वापरून त्यानं ड्रमच्या आवाजाला रिकाम्या गोदामाची पोकळी दिली. 'इनसाइट'मधला इयनचा आवाज टेलिफोनच्या तारेतून घेतला. लिफ्टची घरघर, बाटल्या फुटल्याचा खळ्ळकन आवाज, सगळं टेपवर आलं.

हुक आणि समनर नाराज झाले. त्यांना स्टेजवरचा आपला गडगडाट हवा होता, आणि हॅनेटनं तो थंड, दूर, मोकळा केला होता. अनेक वर्षं त्यांची ही तक्रार कायम होती. माझ्या कानांना हॅनेट बरोबर वाटतो. स्टेजवरचा जोश त्या काळी डझनभर बँडांकडे होता. ही पोकळी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. शिवाय ती आकाशातून आलेली नव्हती. ज्या ओस वखारींत ही मंडळी सराव करत, ज्या बंद पडत चाललेल्या गोदीत हुक नोकरीला होता, त्या जागांचा आवाज असाच होता.

वेष्टनासाठी खगोलशास्त्राच्या एका ज्ञानकोशातली आकृती बँडनंच शोधून सॅव्हिलला दिली. १९६७ साली केंब्रिजला जोसलिन बेल यांना सापडलेल्या पहिल्या पल्सारच्या स्पंदनांच्या एकावर एक रचलेल्या रेषा. सॅव्हिलनं त्या काळ्यावर पांढऱ्या केल्या. समोरच्या बाजूला बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही. विल्सननं आपली शिल्लक ओतून दहा हजार प्रती काढल्या. १५ जून १९७९ ला तो बाजारात आला. फॅक्टरीचा व्यवहार असा, की नफा निम्मा-निम्मा आणि गाण्यांची मालकी बँडची. हा अल्बम निघाला तेव्हा त्यातले चौघंही पगारावर जगत होते.

नोकरी सुटली तेव्हा

१९७९च्या शरद ऋतूत बझकॉक्स या बँडनं त्यांना दौऱ्यावर बरोबर घेतलं. चोवीस ठिकाणं, ऑक्टोबर-नोव्हेंबर. एवढ्या दौऱ्याला साठवलेली रजा पुरणार नव्हती, आणि आता पैशाची थोडी शाश्वती होती. चौघांनी नोकऱ्या सोडल्या. हुक गोदीतून सुटला, समनर रंगांतून, मॉरिस वडिलांच्या धंद्यातून. तिघांसाठी ही चांगलीच बातमी होती, आणि ते ती तशीच सांगतात.

इयनचं मात्र वेगळं. अपस्मार असलेल्या माणसानं वेळेवर झोपावं, जागरण टाळावं, दारू टाळावी, लुकलुकणाऱ्या दिव्यांपासून जपावं, हे कुणी सांगायला नको इतकं त्याला माहीत होतं. कामाचा भाग म्हणून माहीत होतं. रोज नऊला सुरू होणारी आणि संध्याकाळी सुटणारी नोकरी त्याला कंटाळवाणी वाटत असेल, पण आठवड्यातल्या निम्म्या रात्री तरी ती त्याला घरी झोपायला लावत होती. दौऱ्यावर तो आधार गेला. रोज नवं गाव, रोज रात्री उशिरा स्टेज, डोळ्यांवर दिवे, मग व्हॅन. झटके वाढले, कधी स्टेजवरच येऊ लागले. त्याचं नाचणं मुळातच झटक्यासारखं. त्यामुळे समोर चाललंय ते नाच की आजार, हे बघणाऱ्यांना कळत नसे. मॅकल्सफील्डच्या त्या कचेरीत असा कुणी तरुण आला असता आणि रात्रपाळीचं, फिरतीचं, प्रखर दिव्यांखालचं काम मागितलं असतं, तर इयन कर्टिसनं त्याच्या अर्जावर ठाम नकार लिहिला असता आणि त्याच्यासाठी दुसरं काही शोधलं असतं.